उरलेला एक भुंगा

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक कोडे आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, ह्या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक भुंगा उरला. थवा केवढा?

एकतृतीयांशातून एकपंचमांश वजा करा. पंधरांतले दोन वाटे येतात. त्यांची तिप्पट सहा. पाच, तीन आणि सहा मिळून चौदा, उरला एक. म्हणून थवा पंधराचा.

ही विद्या शतकानुशतके मूठभरांचीच राहिली. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा कुठे अपूर्णांक कष्टकऱ्यांच्या पोरांच्या पाटीवर उतरू लागला.

उचगावच्या कामगारांना पगारचिठ्ठी समजावताना आम्ही हेच कोडे घालतो. कपात कितवा हिस्सा आणि उरले किती, हे ज्याला काढता येते, त्याचा वाटा कोणाला सहजी गिळता येत नाही.