संरक्षक रिले : संदेशवहन व कालसमन्वय

वीजवाहिनीत किंवा रोहित्रात दोष उद्भवताच तो ओळखून सर्किट ब्रेकर उघडण्याचा आदेश देणारे उपकरण म्हणजे संरक्षक रिले. जुन्या विद्युत्-यांत्रिक रिलेला घड्याळाची गरज नव्हती. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो चालत असे. न्यूमेरिकल रिले प्रत्येक घटनेची वेळ मिलिसेकंदात नोंदवू लागले आणि निरनिराळ्या उपकेंद्रांतील नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या तर सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत, ही अट आली.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडातील ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तपासपथकाकडे नोंदींचा ढीग होता, पण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे घटनांचा क्रम लावणेच जिकिरीचे झाले. पुढे उत्तर अमेरिकेत अशा नोंदींची वेळ यूटीसीपासून (समन्वित जागतिक वेळेपासून) २ मिलिसेकंदांच्या आत राखणे बंधनकारक झाले.

संदेशवहनात मॉडिकॉन कंपनीचा १९७९ मधील मॉडबस हा सर्वांत साधा प्रोटोकॉल. नियंत्रकाने विचारले तरच रिले उत्तर देतो, आणि उत्तरासोबत वेळ पाठवण्याची प्रमाणित सोय त्यात नाही. डीएनपी३ (१९९३) व आयईसी ६०८७०-५-१०३ यांत घटनेसोबत वेळ जाते आणि रिलेचे घड्याळही त्याच मार्गाने लावता येते. खरा बदल झाला तो २००३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आयईसी ६१८५० मालिकेने. तिच्यातील गूस संदेश ईथरनेटवरून एका रिलेकडून इतरांकडे थेट जातात. पोचपावती मागण्याइतका अवकाश नसतो, म्हणून तोच संदेश आधी भराभर व नंतर संथपणे पुन्हापुन्हा पाठवला जातो. ट्रिपच्या, म्हणजे ब्रेकर उघडण्याच्या, संदेशासाठी ३ मिलिसेकंदांची मर्यादा आहे.

वेळेचा उगम बहुधा उपकेंद्राच्या छतावरील जीपीएस अँटेना हा असतो. तेथून रिलेपर्यंत ती नेण्याचा जुना मार्ग म्हणजे आयरिग-बी. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्रांसाठी १९६० च्या सुमारास ठरलेल्या या संकेतात दर सेकंदाला १०० स्पंदांची एक चौकट येते. मूळ संकेतात वर्षच नव्हते. ते नंतर जोडले गेले. त्यातून भारतीय प्रमाणवेळ द्यायची की यूटीसी, हे आधी ठरवले नाही तर एकाच दोषाच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते. संगणक-जाळ्यावरून वेळ देणाऱ्या एनटीपीने मिलिसेकंदांची अचूकता मिळते; घटनानोंदींना ती पुरते. ईथरनेटमधील विलंब मोजून तो वजा करणारा पीटीपी (आयईईई १५८८) १ मायक्रोसेकंदाच्या आत वेळ पोचवतो.

इतकी अचूकता लागते, कारण वेळ आता रिलेच्या निर्णयातच शिरली आहे. ५० हर्ट्झवर १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. मापन-उपकरणांना रिलेशी जोडणाऱ्या जाळ्यावर, म्हणजे प्रोसेस बसवर, प्रवाहाची मापे सेकंदाला ४,००० नमुन्यांच्या रूपात येतात. दोन ठिकाणचे नमुने एकाच क्षणाचे नसतील, तर निरोगी वाहिनीतही खोटा फरक दिसतो. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत त्याच्या घड्याळाची स्थिती सांगणारी खूण असते. समन्वय हरपला तर फरक पाहणारे संरक्षण रोखून धरावे लागते. एका उपकेंद्रापुरती वेळ खरी नसली तरी चालते, ती सर्वांची एकच असावी लागते.

लांब वाहिनीच्या दोन टोकांतील डिफरन्शियल, म्हणजे प्रवाहांतील फरक पाहणारे, रिले बहुधा जीपीएसवर विसंबत नाहीत. ते संदेशाच्या जाण्यायेण्याचा काळ मोजून निम्मा करतात आणि जाण्याचा व येण्याचा विलंब सारखाच आहे असे गृहीत धरतात. दूरसंचार जाळ्याने एकाच दिशेचा मार्ग बदलला आणि २ मिलिसेकंदांचा फरक पडला, तर १ मिलिसेकंदाची चूक होते. संरक्षणाचे मार्ग ठरवताना दूरसंचार विभागाला हे आधीच सांगून ठेवावे लागते.

धावत्या तरंगांवरून दोषाची जागा शोधणारी उपकरणे सर्वांत काटेकोर. त्यांत १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे १५० मीटर. २६ जानेवारी २०१६ रोजी काही जीपीएस उपग्रहांनी यूटीसीशी सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकलेली वेळ प्रसारित केली. घटनानोंदींना अशी चूक जाणवणारही नाही. पण वाहिनीच्या एकाच टोकाच्या घड्याळात ती शिरली, तर दुरुस्ती पथक जवळपास २ किलोमीटर भलत्याच मनोऱ्याकडे जाईल. दोन्ही टोकांत सारखीच शिरली, तर उत्तर बरोबर येते.