आर म्हणजेच गुंठा?

खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. आता शेतांच्या जागी आयटी कंपन्या आहेत, फ्लॅट चौरस फुटांत विकतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये निघतो. आमच्या घरात मात्र जमीन अजून गुंठ्यातच बोलली जाते. वाटणीच्या बैठकीत चुलते म्हणाले, "आर म्हणजेच गुंठा." कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

गुंठा-एकर मला पिढीजात वाटायचे. पण पेशवाईतली मोजणी काठीची : पाच हात पाच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. हात कुणाचा, हा प्रश्न उरायचाच. मग १८३६च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पैमाश सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात बिघा मागे पडला. एडमंड गंटरने १६२० मध्ये इंग्लंडात ६६ फुटांची साखळी काढली होती. इथे तिची निम्मी, ३३ फुटांची, धरली. तेवढी लांब, तेवढी रुंद जागा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. गंमत अशी की या विलायती साखळीचे भाग मात्र सोळा, आणि त्यांचे नाव आणे! एक आणा दोन फूट पाऊण इंच. रुपयाचा हिशेब येणाऱ्याला जमिनीचाही तोंडी यावा, अशी ही सोय असावी.

मग मीटर आला. एक फूट ०.३०४८ मीटर, म्हणून ३३ फूट १०.०५८४ मीटर. आराची बाजू बरोबर दहा मीटर. फरक सहा सेंटिमीटरही नाही, तीन बोटे म्हणा. पण क्षेत्र काढताना तो दोन्ही बाजूंनी शिरतो : गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००.

रात्री वाटणीपत्राचा मसुदा वाचला. आजोबांचा एकर त्यात ४० आर लिहिला होता. फोनवर गुणाकार केला, ४०.४७ आले. सुटलेले ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट. खराडीत एवढ्यात वन बीएचके बसतो.

सकाळी चुलत्यांना आकडा दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "तुझा आजा याच्या निम्म्या बांधासाठी भावाशी बारा वर्षं बोलला नव्हता," म्हणाले आणि मसुदा परत टाईप करायला पाठवला.