इगतपुरीला इंजिन का बदलत असे? दोन विजांच्या सीमेचा इतिहास

१/ भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव येथून मुंबईला जाणाऱ्या खानदेशी प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांना इगतपुरीचा लांब थांबा परिचित होता. गाडी उभी राही, पुढचे इंजिन सुटून बाजूला जाई आणि दुसरे येऊन जोडले जाई. पुढे कसारा घाट आहे म्हणून इंजिन बदलतात, अशी सार्वत्रिक समजूत होती. परंतु मुंबईकडे जाताना तो घाट उताराचा आहे, चढाचा नव्हे. खरे कारण डोक्यावरच्या तारेत होते.

२/ इगतपुरीच्या पश्चिमेस तारेत १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी, वाहत असे. पूर्वेस २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी. एका विजेसाठी बांधलेले इंजिन दुसरीवर निरुपयोगी ठरे. ही सीमा इगतपुरीत जवळजवळ चार दशके टिकली, आणि मुंबईतून ती पूर्णपणे पुसली जाण्यास २०१६ साल उजाडले. एवढा विलंब का लागला, हाच या धाग्याचा विषय.

३/ प्रारंभ १९२५ चा. ३ फेब्रुवारी रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी धावली. त्या काळी दिष्ट प्रवाहाची मोटर हीच सर्वांत भरवशाची आणि सहज काबूत राहणारी होती, त्यामुळे १,५०० व्होल्टची निवड योग्यच होती. १९३० पर्यंत हा प्रवाह एका बाजूस पुण्यापर्यंत व दुसऱ्या बाजूस थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला.

४/ थळ घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा तीव्र. तेथे वाफेच्या इंजिनांचा जीव मेटाकुटीस येई. विजेने तो प्रश्न सोडवला. इगतपुरीच्या पुढे नाशिक, मनमाड, भुसावळपर्यंत मात्र वाफेचेच राज्य राहिले. म्हणजे इंजिन बदलण्याची इगतपुरीची प्रथा १९३० पासूनची. प्रथम ती वाफ आणि वीज यांची सीमा होती. दोन विजांची सीमा ती नंतर झाली.

५/ १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने यापुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. यामागचे गणित सोपे आहे. ३,००० किलोवॅटच्या इंजिनाला १,५०० व्होल्टवर सुमारे २,००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर केवळ १२० च्या आसपास. प्रवाह कमी म्हणजे तार बारीक, तांबे कमी आणि उपकेंद्रे दूरदूर. नव्याने विकसित होणाऱ्या देशासाठी हा निर्णय शहाणपणाचा होता.

६/ या नव्या धोरणानुसार १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी–भुसावळ मार्गावर एसी तारा आल्या. वाफेच्या इंजिनांसाठी ख्यातनाम असलेले भुसावळ विजेच्या इंजिनांचेही मोठे ठाणे झाले. खानदेशाला नवी वीज मिळाली आणि मुंबईकडे जुनीच राहिली. धुळ्याहून शाखेच्या गाडीने चाळीसगावला येऊन मुंबईची गाडी पकडणारा प्रवासीही नकळत या दोन युगांची सीमा ओलांडत असे.

७/ येथे एक तुलना उद्बोधक ठरते. हावडा परिसरात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ३,००० व्होल्टची डीसी व्यवस्था आली होती. दहाएक वर्षांतच ती एसीमध्ये रूपांतरित झाली. मद्रासच्या उपनगरी मार्गाचे रूपांतरही १९६० च्या दशकातच झाले. मग मुंबईलाच अर्धशतक का लागावे? उत्तर अभियांत्रिकीच्या उणिवेत नाही. मुंबईच्या जुन्या विजेवर इतर किती गोष्टी विसंबून होत्या, त्यात ते आहे.

८/ या प्रश्नाला संगणकाच्या जगात नेमके नाव आहे: डिपेंडन्सी, म्हणजे अवलंबित्व. मोठे सॉफ्टवेअर हजारो तुकड्यांतून घडते आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्यानंतर घडवायचा हे आधी ठरवावे लागते. हा क्रम सांभाळणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिले. अशा साधनांना बिल्ड सिस्टिम म्हणतात.

९/ बिल्ड सिस्टिम बदलताना कठीण भाग नव्या साधनाचा नसतो. जुन्या व्यवस्थेत कोठेही न लिहिलेली, योगायोगाने जुळून आलेली अवलंबित्वे अचानक उघडी पडतात. केडीई या विख्यात मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने २००६ मध्ये आपली जुनी बिल्ड व्यवस्था सोडून ‘सीमेक’ स्वीकारले. तत्पूर्वी ‘एसकॉन्स’ नामक दुसरे साधन वापरून पाहिले होते, ते सोडावे लागले. मुंबईच्या रेल्वेपुढे हाच पेच लोखंडात आणि तांब्यात उभा होता.

१०/ पहिले अवलंबित्व सिग्नलचे. रुळावर गाडी आहे की नाही, हे रुळांतूनच सोडलेल्या लहानशा प्रवाहाने ओळखतात. त्यास ट्रॅक सर्किट म्हणतात. पण इंजिनाने वापरलेली वीजही रुळांतूनच परतते. ती डीसी असेल तर ट्रॅक सर्किटने डीसी वापरणे धोक्याचे, म्हणून तेथे एसी वापरतात. एसी गाड्यांच्या मार्गावर याच्या उलट, म्हणजे डीसी ट्रॅक सर्किट. अर्थात, तारेतील वीज बदलली की जुने सिग्नल विश्वासार्ह उरत नाहीत.

११/ दुसरे अवलंबित्व गाड्यांचे. शेकडो डबे जुन्या विजेवर चालणारे. वीज एका रात्रीत बदलली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाखो लोकांची लोकल उभी राहील. आधी गाड्या बदलाव्यात, तर निव्वळ एसी गाड्या जुन्या तारेखाली हलणार नाहीत. तारेआधी गाड्या बदलणे अशक्य आणि गाड्यांआधी तार बदलणेही अशक्य, अशी ही चक्राकार अडवणूक होती.

१२/ तिसरे अवलंबित्व पुलांचे. २५,००० व्होल्टची तार आणि तिच्या भोवतीचे बांधकाम यांत १,५०० व्होल्टच्या तुलनेत बरेच अधिक अंतर ठेवावे लागते. दक्षिण मुंबईतील कित्येक रस्त्यांचे पूल एकोणिसाव्या शतकातले. बांधले तेव्हा खालून वाफेची इंजिने जात होती. चौथे अवलंबित्व रुळांलगतच्या दूरध्वनी तारांचे. उच्च दाबाच्या एसीमुळे त्यांत वीज प्रेरित होते, म्हणून त्या भूमिगत करणे भाग होते.

१३/ चक्र फोडण्याचा मार्ग एकच होता: मधली पायरी. प्रथम जुन्या व नव्या अशा दोन्ही विजा सोसतील अशी साधने आणायची, आणि सर्व काही दुहेरी झाल्यावरच तारेला हात लावायचा. दोन्हींवर चालणारी इंजिने १९७० च्या दशकात पश्चिम रेल्वेवर आली, पुढे १९९० च्या दशकात मध्य रेल्वेसाठीही बनली. २००७ पासून दोन्हींवर चालणाऱ्या लोकल धावू लागल्या. दोन्ही प्रवाहांत टिकतील अशी ट्रॅक सर्किटेही बसवण्यात आली.

१४/ त्यानंतर सीमा टप्प्याटप्प्याने सरकू लागली. दोन विजांमध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा असे. तेथे मोटरमन वीज तोडून केवळ वेगाच्या बळावर गाडी पुढे नेई आणि पलीकडे नवी वीज घेई. २००६ मध्ये इगतपुरी आणि घाटाचा भाग एसी झाला. भुसावळकडून येणाऱ्या गाडीसाठी इगतपुरीची जुनी सक्ती सरली. सीमा घाट उतरून मुंबईच्या दिशेने निघाली होती.

१५/ पश्चिम रेल्वेवर हे काम चर्चगेटपर्यंत २०१२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेवर २०१४ मध्ये कल्याण ते लोकमान्य टिळक टर्मिनस आणि २०१५ मध्ये ठाणे ते छत्रपती शिवाजी टर्मिनस हे टप्पे पार पडले. उरला हार्बर मार्ग. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल निघाली. १९२५ ची पहिली विजेची गाडीही याच दोन टोकांमध्ये धावली होती. एक्क्याण्णव वर्षांचे वर्तुळ तेथेच पूर्ण झाले.

१६/ कथा येथे संपली असती, तर ती निव्वळ यशोगाथा ठरली असती. सँडहर्स्ट रोडजवळचा १८७९ सालचा हँकॉक पूल नव्या तारेसाठी फार ठेंगणा होता. त्याखालून गाड्या संथ चालवाव्या लागत. जानेवारी २०१६ मध्ये मोठा मेगाब्लॉक घेऊन तो पाडण्यात आला. रेल्वेच्या आराखड्यात त्या पुलाची नोंद ‘अडथळा’ अशी होती आणि तो अडथळा दूर झाला.

१७/ परंतु त्या पुलावर आणखीही कोणी विसंबून होते. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतील माणसे रोज त्यावरूनच ये-जा करीत. पूल गेल्यावर शाळकरी मुलांसह अनेक जण जीव मुठीत धरून रूळ ओलांडू लागले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. नवा पूल वाहतुकीस खुला होण्यास २०२२ साल उजाडले.

१८/ बिल्ड सिस्टिम बदलणारे अभियंते ज्याला अघोषित अवलंबित्व म्हणतात, ते हेच. सिग्नल, गाड्या, तारा, पूल यांची यादी कागदावर होती; म्हणूनच वर्षानुवर्षे खपून त्यांचा क्रम लावता आला. पायी चालणारा माणूस त्या यादीत पुरेशा ठळकपणे नव्हता. यादीत जे नसते त्याचा क्रम कोणी लावत नाही; ते मोडल्यावरच कळते.

१९/ तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो: १८५३, १९२५, १९५७. या तारखांमधील दीर्घ काळात जुने चालू ठेवून नवे बसवण्याचे जे काम चालते, त्याला उद्घाटनाची फीत नसते. मुंबईची लोकल बंद न पाडता तिच्या डोक्यावरची वीज बदलली गेली, हे त्या कामाचे श्रेय. पुलाची सहा वर्षे हा त्याच कामाचा हिशेब.

२०/ आज भुसावळहून निघालेले विजेचे इंजिन सीमेवर न अडखळता थेट मुंबई गाठू शकते. इगतपुरीचा थांबा अजून आहे. उतारापूर्वी ब्रेक तपासले जातात, फलाटावर चहा मिळतो. मात्र तेथे एकेकाळी दोन विजा समोरासमोर थबकत होत्या, याची खूण शोधूनही सापडत नाही. (धागा समाप्त)