जुन्या फोटोतील डोळ्यांवरची सावली

भर उन्हात काढलेल्या फोटोत भुवयांची, टोपीची किंवा पदराची सावली डोळ्यांवर येते. फिल्मच्या काळात स्टुडिओतले कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम करून ती कमी करत. निगेटिव्हवर जेथे शिसे चढे, तो भाग छपाईत उजळ येई.

आता हे घरच्या संगणकावर जमते. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. मूळ फाईल तशीच ठेवून प्रतीवर काम करावे. मोफत मिळणाऱ्या 'गिम्प'मध्ये लेयरची प्रत घ्यावी आणि 'डॉज' मऊ ब्रशने, मिडटोन्सवर, एक्स्पोजर १० च्या आसपास ठेवून हलकेच फिरवावे. शेवटी लेयरची ओपॅसिटी कमी करून उजेड बेताचा ठेवावा.

बुबुळाभोवतीचा भाग पांढराशुभ्र करू नये, सुरकुत्या पुसू नयेत, डोळ्यांतला प्रकाशाचा ठिपका जपावा. सावली अगदी काळी असेल तर तिथे तपशीलच उरलेला नसतो. मनाने डोळे रंगवू नयेत.

आईच्या फोटोत मी पहिल्यांदा डोळे फारच उजळले होते. मावशी म्हणाली, "फोटो छान आहे रे, पण ही आमची ताई नव्हे." तेव्हा फ्रेम करण्याआधी फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर दाखवावा.