मॅन्युअल लेन्सवरील एक्सपोजर-मापन (फिल्म कॅमेरा)

ॲपर्चरची कडी हाताने फिरवावी लागते अशा लेन्समधून फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, हे ठरवण्याची रीत. ॲपर्चर, शटरचा वेग आणि फिल्मचा आयएसओ यांचा मेळ घालावा लागतो. एका स्टॉपच्या फरकाने प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो.

इतिहास : लेन्समधून आलेला प्रकाश मोजणारा पहिला एसएलआर टॉपकॉन आरई सुपर (१९६३), पाठोपाठ पेंटॅक्स स्पॉटमॅटिक (१९६४).

पद्धती : स्पॉटमॅटिकमध्ये एम-४२ आट्यांची लेन्स बसते. आधी ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून फोकस करतात, मग बाजूची कळ सरकवून ते निवडलेल्या आकड्यापर्यंत बंद करतात आणि मीटरची सुई मध्यावर आणतात. एफ/११च्या पुढे व्ह्यूफाइंडर काळोखतो, म्हणून हा क्रम मोडू नये. मागून आयपीसमध्ये शिरणारा उजेडही मापन बिघडवतो; तो हाताने अडवावा. पेंटॅक्स के-१००० (१९७६) व निकॉन एफएम-२ (१९८२) यांत मापन उघड्या ॲपर्चरवरच होते.

मुळशीतील वापर : मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून आकडा देतो. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात हे गृहीत वारंवार चुकते. धुक्याने भरलेल्या दरीवर मीटर धरला तर धुके मळकट करडे उमटते. तेथे एक ते दीड स्टॉप वाढवावा. भिजलेला काळा बेसॉल्ट चौकटभर असेल तर उलट सुमारे एक स्टॉप कमी करावा. काळा कातळ आणि पांढरा धबधबा एकत्र आल्यास सरासरीवर विसंबू नये. त्याच उजेडातल्या भातखाचरावर किंवा गवतावर माप घेऊन तेच कायम ठेवणे खात्रीचे. तळहातावर माप घेतल्यास एक स्टॉप वाढवावा. ओल्या पानांवरची चकाकी काढणारा पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. लेन्समधून मोजताना ही घट आपोआप धरली जाते. स्लाइड फिल्मवर अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच सोसते. दृश्यातला कोणता भाग करडा मानायचा, हा निर्णय छायाचित्रकाराचाच असतो, आणि खरे कौशल्य त्यातच आहे.

मीटरविना : लख्ख उन्हात आयएसओ १००, एफ/१६, १/१२५ सेकंद.

बॅटरी : जुन्या कॅमेऱ्यांतील १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटऱ्या आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टची बॅटरी घातल्यास मीटर बहुधा प्रकाश जास्त दाखवतो. स्पॉटमॅटिकच्या ब्रिज सर्किटवर याचा फारसा परिणाम होत नाही.