पाण्याच्या मागोमाग दक्षिण इटलीत



मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन दक्षिण इटलीत बारा दिवस फिरून आलो. आल्यापासून तुमचा एकच प्रश्न, "जेवणाचं कसं केलंत?" त्याचं उत्तर सोपं आहे. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. दोन शेगड्यांचा गॅस, छोटा फ्रिज, बेसिन, पलंग, सगळं आतच. घरून नेलेली भाजणी, मूगडाळ, मेतकूट आणि तिथल्या बाजारातली ताजी भाजी. तिकडे मे महिन्यात सूर्य आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचं जेवण एकदाही चुकलं नाही. अडचण आली ती पाण्याची, आणि आज लिहायचं आहे तेही पाण्याबद्दलच.

गाडीच्या पोटात शंभर लिटरची टाकी होती. पहिल्या दिवशी मी घरच्यासारखीच धुवाधुव केली. कुकर, ताटं, ओटा, दोन पंचे. संध्याकाळी नळातून नुसता फुस्स आवाज आला. दोन माणसांनी एका दिवसात शंभर लिटर संपवले होते. वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं आणि ते ठरलेल्या जागीच रिकामं करावं लागतं. म्हणजे काय उधळलं त्याचा हिशोब डोळ्यांसमोरच असतो. हे काही बोलले नाहीत, पण मलाच लाज वाटली. विनाकारण पाणी सांडणं हाही अनर्थदंडच, असं पाठशाळेत मुलांना शिकवणारी मी!

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लोक इटलीत चर्च आणि समुद्रकिनारे बघतात, ह्यांना बघायचा होता एक कालवा. नेपल्सला गाडी ताब्यात घेतली आणि आम्ही डोंगरात कापोसेले नावाच्या छोट्या गावी गेलो. नावाचा अर्थच सेले नदीचा उगम. तिथे डोंगराच्या पायथ्याशी झरे आहेत. त्यांचं पाणी सेकंदाला सरासरी सुमारे ४००० लिटर. झऱ्यांजवळ एका जुन्या चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा उभा आहे. बाकीचं चर्च पाण्याच्या कामासाठी हलवलं. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात या गावाचं फार नुकसान झालं, पण झरे वाहतच राहिले.

हे पाणी निसर्गाने पश्चिमेच्या समुद्राकडे पाठवलं होतं. माणसांनी ते डोंगर फोडून पूर्वेकडे वळवलं. का, ते समजायला डोंगरापलीकडचा पुग्लिया प्रांत समजून घ्यायला हवा. इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते, तो हा भाग. पाऊस पडतो, पण जमीन चुनखडीची. भेगांतून पाणी थेट खाली उतरतं, वर नदी टिकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी होरेस या वाटेने ब्रिंडिसी बंदराकडे गेला, त्या प्रवासाच्या वर्णनात एका गावाबद्दल लिहिलं आहे की तिथे पाणी विकत घ्यावं लागतं, पण भाकरी मात्र फार चांगली मिळते. गृहिणीला यातून सगळं कळतं. गहू पिकवणारा मुलूख, आणि पीठ भिजवायला पाण्याची मारामार.

कामिलो रोसाल्बा नावाच्या इंजिनिअरने १८६८ मध्ये सेलेचं पाणी पुग्लियात आणण्याची कल्पना मांडली. लोकांना ती वेड्यासारखी वाटली असेल. संसदेत कायदा व्हायला १९०२ साल उजाडलं आणि काम १९०६ मध्ये सुरू झालं. काम चालू असतानाच १९१० मध्ये पुग्लियात कॉलऱ्याची साथ आली. विहिरी आणि टाकी दूषित झाली की काय होतं हे वेगळं सांगायला नको. शेवटी २४ एप्रिल १९१५ ला बारी शहराच्या चौकात सेलेचं पाणी कारंज्यातून उसळलं. बरोबर एका महिन्याने इटली पहिल्या महायुद्धात उतरली. मुख्य कालवा सुमारे २४४ किलोमीटर लांब, बराचसा जमिनीखालून आणि डोंगराच्या पोटातून. पंप नाहीत, उतारावरून पाणी आपलं आपण चालत जातं. ह्यांनी तो उतार मला कागदावर काढून दाखवला, तेव्हा त्यांचा चेहरा आमच्या लग्नातल्यापेक्षा खुललेला होता!

तिथून आम्ही मातेराला गेलो. हे गाव पुग्लियाच्या सीमेला लागून, पण बाझिलिकाता प्रांतात. दरीच्या काठावर मऊ दगडात खोदलेल्या घरांची उतरंड आहे, तिला सास्सी म्हणतात. एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. आपल्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात ना, तशी टाकी तिथे घरोघरी होती. छपरावरचा पाऊस पन्हळीतून खाली, तिथून घराच्या पोटातल्या टाक्यात. चार-सहा घरांच्या मधे एक सामाईक अंगण. त्याला विचिनातो म्हणत. धुणं, निवडणं-टिपणं, बाळंतपणाची मदत आणि भांडणंही तिथेच.

पाव मात्र सार्वजनिक भट्टीत भाजायचे. सगळ्यांचे पाव एकत्र जाणार, मग आपला ओळखायचा कसा? म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे, त्यावर घरधन्याची अक्षरं कोरलेली. पीठ मळणारी बाई, आणि अक्षर मालकाचं! आपल्या भांड्यांवरची नावं आठवून मला हसू आलं. पाव खमिराचा, त्यामुळे आम्ही खाल्ला नाही. भट्टीशेजारी उभं राहून वास तेवढा घेतला.

आता या गावाची दुसरी बाजू. कार्लो लेव्ही हे तोरिनोचे चित्रकार, शिक्षणाने डॉक्टर. मुसोलिनीच्या राजवटीने त्यांना १९३५ मध्ये बाझिलिकातात हद्दपार करून ठेवलं होतं. १९४५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांच्या डॉक्टर बहिणीने पाहिलेलं मातेरा आहे. गुहांत माणसं आणि जनावरं एकत्र, मुलांना हिवताप, डोळ्यांना खुपरी. तिच्या मागे धावणारी मुलं पैसे मागत नव्हती, क्विनाइन मागत होती. हे वाचून देश हादरला. मातेराला 'राष्ट्राची लाज' म्हटलं जाऊ लागलं. १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे १५,००० माणसांना गुहांतून काढून नव्या वस्त्यांत नेलं गेलं.

आम्ही एक गुहाघर पाहिलं, जुन्या सामानासह मांडून ठेवलेलं. उंच पलंग, त्याखाली कोंबड्यांची जागा. मागे खेचराचा गोठा. कपाटाच्या खणात तान्ह्या बाळाची झोपायची सोय. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. 'लाज' हा शब्द मला टोचत होता. त्या घरातल्या बाईने पहाटे उठून टाक्यातलं पाणी काढलं, तेच आधी पिण्याला, मग भाजीला, मग जनावराला असं पुरवलं. तिची कसली लाज?

मुद्दा असा की हे गाव मुळात एवढं वाईट नव्हतं. माणसं वाढली, जमीन थोड्यांच्या हातात राहिली, गरिबांना जागा उरली नाही. मग कोठारं, गोठे आणि पाण्याची टाकीसुद्धा राहायची घरं झाली. पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले बुजवून वर रस्ते केले. महायुद्धानंतर मातेराला नळाचं पाणी आलं, पण गुहांतल्या घराघरांत ते पोचलं नाही. जुनी व्यवस्था मोडली आणि नवी हाती आली नाही, या दोन्हींच्या मधल्या काळात ती मुलं आजारी पडली. दोष दारिद्र्याचा होता, पण नाव पडलं ते घरांना.

मातेराच्या मुख्य चौकाखाली एक टाकं आहे, पालोम्बारो लुंगो. सोळाव्या शतकापासून खोदत आणि वाढवत नेलेलं. जिने उतरून खाली गेलो तर जणू मंदिराचा सभामंडप, खडकाचेच खांब, भिंतींना पाणी झिरपू न देणारा गिलावा आणि त्यावर जुन्या पाण्याच्या पातळीच्या खुणा. यात ५० लाख लिटर पाणी मावत असे. वाणिज्य शाखेची सवय जात नाही, मी हिशोब केला. आमच्या गाडीच्या टाक्या ५०,०००! आणि ऐका, नळाचं पाणी आल्यावर याचा वापर थांबला, आणि गाव हे टाकं विसरून गेलं. वर चौकात लोक फिरत होते, बाजार करत होते, आणि खाली काय आहे ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. १९९१ मध्ये चौकाच्या कामात ते पुन्हा सापडलं. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, ज्या सास्सीची देशाला लाज वाटत होती तिला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

मला तिथे माझ्या माहेरची विहीर आठवली. माहेर जत तालुक्यातलं, पाण्याची कायमची ओढ. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. पोहरा बुडण्याइतकंही पाणी नसायचं, तरी आई दुहेरी कापडातून ते गाळायची. गाळण्यावर राहिलेली जीवाणी थोड्या गाळलेल्या पाण्याने भांड्यात उतरवायची, ते भांडं दोरीने अलगद पाण्यापर्यंत सोडायची आणि मगच कलतं करायची. जे जीव जिथले, ते तिथेच परत गेले पाहिजेत. मी विचारायची, "आई, एवढंसं पाणी परत कशाला टाकतेस?" ती म्हणायची, "आपलं नव्हे ते."

मग नळ आला. आईच्या कमरेला आराम मिळाला, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. विहीर वापरातून गेली. दहा वर्षांपूर्वी भावाने विचारलं, "विहिरीवर स्लॅब टाकून गाड्या लावायला जागा करू का?" मी फोनवर लगेच "कर" म्हणाले. आई तेव्हा हयात होती. तिला विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग आता जीवाणी कुठे सोडायची?" मला तो म्हातारपणाचा प्रश्न वाटला होता. त्या टाक्यात उभं राहिल्यावर कळलं की प्रश्न बरोबर होता. पाणी गाळणं आपण अजून करतो, पण जीवाणी परत करायला पाणी कुठून आलं ते माहीत असावं लागतं. नळाने आपल्याला पाणी दिलं आणि त्याचं गाव विसरायला लावलं.

पुढे आल्बेरोबेल्लोला शंकूसारख्या छपरांची घरं पाहिली. त्यांना त्रुल्ली म्हणतात. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांधलेली. असं सांगतात की तिथल्या जमीनदाराला नव्या वस्तीवरचा राजाचा कर चुकवायचा होता. तपासणीला माणसं आली की घरं पटकन उतरवता यावीत म्हणून ही तऱ्हा. १७९७ मध्ये गाव त्याच्या हातातून सुटलं. माझं लक्ष मात्र छपराच्या काठाच्या पन्हळींकडे. तिथेही पाऊस घराखालच्या टाक्यात उतरवलेला!

पुग्लियात गावोगावच्या चौकांत कालव्याच्या काळातले ओतीव लोखंडाचे छोटे नळ अजून उभे आहेत. मी त्यावर कापड धरून पाणी भरायची तेव्हा म्हाताऱ्या बायका थांबून बघायच्या. भाषा येत नव्हती, पण एकीने कापडाला हात लावून मान डोलावली.

शेवटी टाचेच्या टोकाला सांता मारिया दि लेउका. कालव्याचं पाणी इथपर्यंत पोचलं ते १९३९ मध्ये. त्याची खूण म्हणून समुद्राकडे उतरणारा मोठा धबधबा बांधला आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या. तो क्वचितच सोडतात, आम्ही गेलो तेव्हा कोरडाच होता. पायऱ्यांवर बसून हे म्हणाले, "कापोसेलेचं पाणी इथवर आलं बघ." तोवर आमची शंभर लिटरची टाकी अडीच दिवस पुरू लागली होती.

घरी आल्यावर भावाला फोन केला. स्लॅबला त्याने एक झाकण ठेवलं होतं, ते उघडून दोरीने भांडं सोडलं. पाणी आहे म्हणाला, पण वास येतो. उन्हाळ्यापूर्वी गाळ उपसायचं ठरलं आहे, खर्चाचा अर्धा वाटा माझा. ते पाणी प्यायच्या उपयोगाचं होईल की नाही, माहीत नाही. आई आता नाही.

तुमच्याही घरात कुणी वडीलधारं असेल तर एकदा विचारून ठेवा, आपली विहीर कुठे होती, आणि आजचं नळाचं पाणी कुठून येतं. मी इतकी वर्षं सांगलीत राहते, आमच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं. तरी आयर्विन पुलावरून जाताना नदीकडे बघून 'हे माझ्या माठातलं पाणी' असं मनात आलं, ते इटलीहून आल्यावरच.

जय जिनेंद्र.