चेहरा उसना, नाव कुणाचं?

आपल्या बायकांच्या तोंडी एकाच वस्तूला दोन शब्द असतात. लग्नाच्या खरेदीत "इमिटेशनचा सेट घेतला" असं आपण मोठ्यानं सांगतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण त्याच सेटला कुणी "नकली" म्हटलं की चेहरा उतरतो. वस्तू तीच, धातूवर सोन्याचं पाणी दिलेली. मग एवढा फरक कशानं पडतो?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो दागिन्यावरून नाही, घड्याळावरून. नात्यातल्या एका लग्नात मुलाकडून एका परदेशी कंपनीच्या घड्याळाची मागणी आली. तशी उघड मागणी नव्हती, "आजकाल सगळे देतात" एवढंच. मुलीच्या वडिलांनी दिलं. काही महिन्यांनी पट्टा बदलायला नेलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ही फर्स्ट कॉपी आहे. पुढे काय झालं ते सांगायला नको. पहिल्या दिवाळीला मुलीला सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं. वडिलांनी फसवलं हे खरंच. पण ज्यांना घड्याळात वेळ बघायचीच नव्हती, फक्त नाव दाखवायचं होतं, त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. हे मला आजही पटत नाही.

त्याच घरातल्या धाकट्या मुलाच्या हातात तसंच घड्याळ आहे. काळी तबकडी, गोल ठिपके, भोवती फिरणारी कडी. रोलेक्सनं 1953 साली पाणबुड्यांसाठी जे घड्याळ काढलं, हुबेहूब त्याच तोंडवळ्याचं. पण तबकडीवर नाव दुसऱ्याच कंपनीचं. अशा घड्याळांना इंग्रजीत होमेज म्हणतात, म्हणजे मानवंदना. मला आधी हसूच आलं. दुसऱ्याचा चेहरा घ्यायचा आणि वर म्हणायचं, आम्ही मान दिला! पण विचार करत गेले तसं वाटलं, यात काहीतरी आहे.

कायदाही या दोघांना एका मापानं मोजत नाही. डिझाइनची नोंदणी केली तर आपल्याकडे संरक्षण 10 वर्षांचं, वाढवून घेतलं तर एकूण 15. त्यानंतर तो आकार सगळ्यांचा. नावाचं तसं नाही. नोंदलेलं नाव दर दहा वर्षांनी नवं करत राहिलं तर पिढ्यानपिढ्या त्या मालकाचंच राहतं, आणि 1999 च्या ट्रेड मार्क कायद्यात खोटं नाव लावण्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. म्हणजे आकार मुदतीनंतर गावाचा होतो, नाव ज्याचं त्याचंच राहतं.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी बघून ठेवलंय. दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार येतात, त्यातला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. अस्सलसारखा दिसणारा माल अस्सल म्हणून चालवणं. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यालाच सदृशसन्मिश्र म्हटलं आहे. मला यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत या शब्दाचा अर्थ सांगताना कृत्रिम सोन्याबरोबर वंचना हा शब्दही जोडला आहे. नुसतं कृत्रिम सोनं करणं दोष नाही, त्यानं ठकवणं दोष. दुसरी म्हणजे हा अतिचार असत्याखाली ठेवलेला नाही. खोटा लेख करणं सत्यव्रताखाली येतं, पण खोटा माल विकणं चोरीत धरलं आहे. का बरं? मी असं समजते की यात दुसऱ्यानं मेहनतीनं कमावलेला विश्वास उचलून नेलेला असतो.

हा विश्वास काय चीज असते ते आमच्या बऱ्हाणपूरला शिकवावं लागत नाही. हे शहर एके काळी त्यावरच जगलं. सतराव्या शतकात तवर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. इथलं तलम कापड, फुलं काढलेलं, सोन्याचांदीच्या तारा विणलेलं, इराण-तुर्कस्तानापर्यंत आणि त्याही पलीकडे जातं, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्या कापडाचा जीव होता जर. चांदीचा पासा घ्यायचा, त्यावर सोन्याचा पत्रा चढवायचा, तापवून एकजीव करायचा, मग पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत ओढत केसासारखी तार करायची. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली की झालं कलाबतू. आतली चांदी किती शुद्ध, वरचं सोनं किती, हे विकत घेणाऱ्याला डोळ्यांनी कळणं शक्यच नाही. म्हणून भेसळीला इथे रान मोकळं होतं.

आणि म्हणूनच तार ओढण्याचं काम सरकारी देखरेखीखाली चालायचं. 1870 च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरात याची हकीकत आहे. सोनंचांदी पारखणारे पिढीजात चौकसी असत. त्यांनी धातू तपासायचा, आणि तार एका ठराविक टप्प्यापर्यंत सरकारी टांकसाळीतच ओढायची. मुसलमानी अमलात, मराठ्यांच्या अमलात, पुढे इंग्रजांच्याही, कर घेणारे बदलले पण पारख राहिली. बऱ्हाणपुरी जर म्हटल्यावर लांबच्या बाजारात कुणी कस लावून बघत नसेल, तर ती या चौकसींची कमाई.

आज आपल्या साड्यांत जी जर येते तिच्यात बहुतेक वेळा तांब्याची तार असते, वर चांदीचा मुलामा. त्याहून स्वस्त म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीची. मी ती नेसते, तुम्हीही नेसता. खरी जर नेसायची म्हटलं तर वर्षाला एक साडी झाली नसती. दुकानदारानं "बेनजी, ही टेस्टेड जर आहे" म्हणून सांगितलं, तर त्यानं काय वाईट केलं? पण तीच साडी खऱ्या जरीच्या भावात दिली, तर ते कळायला वीस वर्षं लागतात. जुन्या साड्या घेणारा दारात येतो, काठाचा एक धागा काडीनं जाळून बघतो, चांदीचा मणी उरत नाही. तोवर दुकानाचं नावसुद्धा आठवत नसतं. सगळे नकली मालाचे व्यापारी या उशिरावरच जगतात.

आता याच्या उलटी गोष्ट. तीही आमच्याच गावातून निघते. 17 जून 1631 ला मुमताजमहल इथे बऱ्हाणपुरात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात, तिला काही महिने ठेवलं आणि त्या वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. ताजमहाल आमच्याकडे व्हायचा राहिला, ही हळहळ इथल्या प्रत्येक रिक्षावाल्याला तोंडपाठ आहे. पुढे तिच्याच सुनेसाठी, दिलरासबानूसाठी, औरंगाबादेत मकबरा उभा राहिला. बीबी का मकबरा. ताजसारखाच घुमट, तसेच चार मिनार, तसेच पाण्याचे हौद. लोक नाक मुरडतात, गरिबाचा ताज म्हणतात. मला हे ऐकवत नाही.

एक तर खर्च बघा. मकबऱ्याला 6,68,203 रुपये लागले असा जुना हिशेब सांगतात, ताजवर त्याच्या कितीतरी पट ओतलेले. त्यामुळे संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला, बाकी सगळा काळा दगड आणि वर चुन्याची गुळगुळीत गिलाव. जवळ गेलं की ते स्पष्ट दिसतं, कुणी लपवलेलं नाही. दुसरं म्हणजे तो बांधणारा अताउल्ला हा ताजचा शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी याचाच मुलगा. बापाचा नकाशा मुलानं पुढे नेला, त्याला चोरी कोण म्हणेल? आणि तिसरं मला सगळ्यात आवडतं. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर नावं कोरलेली आहेत, रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. ताजवर शिल्पकाराचं नाव नाही, फक्त अक्षरं काढणाऱ्या अमानतखानाची सही आहे. ज्याला आपण नक्कल म्हणतो तिनं आपल्या कारागिरांची नावं दारावर सांगितली.

धाकट्याच्या घड्याळाकडे मी म्हणूनच मऊ नजरेनं बघते. तबकडीवर कंपनीनं आपलं नाव घातलं, जबाबदारी घेतली, बिघडलं तर कुठे जायचं ते कळतं. तरी मला सगळं पटत नाही. दुसऱ्याच्या कष्टाच्या चेहऱ्यावर धंदा चालतोच. शिवाय घालणाऱ्याचा भाव काय, हाही प्रश्न उरतो. लांबून लोकांना रोलेक्स वाटावं म्हणूनच घेतलं असेल आणि कुणी विचारल्यावर तो गप्प बसत असेल, तर कंपनी सुटली, हा अडकला. मी विचारलं तेव्हा त्यानं पटकन खरं नाव सांगितलं, किंमतही सांगितली.

आमच्या घरी एचएमटीचं जनता आहे, माझ्या सासऱ्यांचं. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनशी रीतसर करार करून घड्याळं सुरू केली. शिकलं जपान्यांकडून, पण नाव आपलं, काही तबकड्यांवर तर देवनागरीत. 2016 साली सरकारनं कंपनी बंद करायचं ठरवलं, आणि तेव्हापासून जुन्या जनताला असा भाव आला की आता तिच्याच नकला निघतात. जुन्या यंत्रावर रंगवलेली नवी तबकडी. हौशी लोक त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. आमचं घड्याळ तेलपाण्याला दिलं तर कारागीर म्हणाला, तबकडी पिवळी पडली आहे, नाव छापून नवी बसवून देतो, एकदम ओरिजिनल दिसेल. यंत्र खरं, घड्याळ खरं, नाव तेवढं परत छापलेलं. याला काय म्हणायचं यावर घरात दोन दिवस वाद चालला. मुलगा म्हणे त्यात काय, आपलंच तर आहे. मी जुनी तबकडी तशीच ठेवायला सांगितली. सासऱ्यांनी त्याच तबकडीवर वेळ बघितली होती.